मुका सोमवार

माजिवडा, ठाणे
५ ऑगस्ट १९९६

दादा,

मायना आणि नमस्कार तुझा तू घालून घे. इनलँडमध्ये जागा कमी आणि मला बरंच लिहायचंय. तू म्हणशील, ठाणं ते डोंबिवली असं काय अंतर आहे, सुट्टीच्या दिवशी येऊन बोलायचं. पण समोरासमोर बसलो की आपल्या दोघांचीही दातखीळ बसते. गेल्या दिवाळीत तू आलास आणि आपण सगळा वेळ क्रिकेटवर बोललो. मला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही.

तर ऐक. मला सहावा लागलाय. सासूबाईंनी जाहीर केलंय की सातव्यात ओटी भरायची आणि मला माहेरी पाठवायचं. पहिलं बाळंतपण माहेरीच, ही रीत आहे, त्यांची त्यात काही चूक नाही. कल्याणहून गोदूआत्याचा निरोपही आला. खाटेला ऊन दाखवलं, डिंक आणला, आणि मेथ्या तर बाबा स्वतः बाजारात जाऊन घेऊन आले म्हणे.

दादा, मला त्या घरात बाळंत व्हायचं नाही. माझ्या बाळाचे पहिले दिवस त्या भिंतींमध्ये जाऊ नयेत, एवढं एकच मला हवंय. आई असती तर गोष्ट निराळी होती. इथे कुणाला काही माहीत नाही. विश्रामलासुद्धा मी इतकंच सांगितलंय की माझे वडील कडक होते. कडक काय, चहापण असतो.

ते कधी ओरडायचे नाहीत, आठवतं? शेजाऱ्यांना वाटायचं, काय शांत माणूस आहे. पेपरची नीट घडी करायचे, बोलणं बंद व्हायचं, मग मनगटावरचं घड्याळ काढून फळीवर ठेवायचे. त्यानंतर काय ते तुला सांगायला नको. कशावरून ते मात्र कधीच कळलं नाही. त्यामुळे मी दिवसभर त्यांच्या भुवयांवर नजर ठेवून असायचे. शाळेतला फळा दिसला नाही तरी चालेल, पण भुवया दिसायला हव्यात.

तू मोठा आहेस. काहीतरी कर. आत्याला सांग, सासूबाईंना सांग, खोटं कारण काढ. लवकर लिही. पत्रं सासूबाईंच्या हातात पडतात, पण त्या दुसऱ्याचं पत्र फोडत नाहीत.

शीला


डोंबिवली पूर्व
११ ऑगस्ट

शिलू,

पत्र मिळालं. मी मजेत आहे. कंपनीत परवा एक गंमत झाली. आमच्या प्लँटमध्ये पंपाजवळ भडका उडाला. सगळे गेटबाहेर पळाले. मी तिथेच उभा राहून व्हॉल्व्ह बंद केला आणि मग राहिलेला चहा संपवून बाहेर आलो. साहेब म्हणाले, उत्तम, तुला काळीज आहे की नाही? कँटीनमध्ये माझा सत्कार झाला. शाल नाही, नुसता नारळ. त्याची चटणी केली, बरी झाली. खरं सांगू, मला भीती वाटलीच नाही. चटकासुद्धा कळला नाही. दुसऱ्या दिवशी बघतो तर तळहातावर हे मोठे फोड.

आता तुझं. एवढी कशाला घाबरतेस? बाबा आता म्हातारे झालेत. साखर आहे, पाय सुजतात. मी महिन्यातून एकदा जातो, भाजी ठेवतो, येतो. एक शब्द वाकडा नसतो. आणि मार काय, तेव्हा सगळ्यांच्याच घरात पोरांना बसायचा. मला तर तुझ्यापेक्षा जास्त बसला. माझं काय बिघडलं? नोकरी आहे, खोली आहे. लग्न तेवढं राहिलं, ते कुठल्या तरी मुलीचं नशीब बरं म्हणून.

आत्या एवढ्या मायेने तयारी करतेय. नाही म्हटलंस तर सासरी विचारतील, का नाही? मग काय सांगशील? घरातलं घरात राहिलेलं बरं. जाऊन ये. चार-पाच महिन्यांचा तर प्रश्न आहे.

उत्तम


माजिवडा
२० ऑगस्ट

दादा,

तुझी गंमत वाचून मला हसू आलं नाही. का ते पुढे सांगते.

काल श्रावणातला पहिला सोमवार. आमच्या सासूबाई मुका सोमवार करतात. सकाळी उठल्यापासून दिवेलागणीला उपास सोडेपर्यंत तोंडातून शब्द काढत नाहीत. विश्राम लहानपणी तापाने जायला निघाला होता, तेव्हापासून त्यांनी हे धरलंय. मला माहीत होतं. आदल्या दिवशी त्यांनी स्वतः सांगितलं होतं, 'उद्या मी मुकी हं, तू आपली रेडिओ लावून बस.' आणि एरवी ही बाई कशी आहे म्हणून सांगू? भाजीवाल्याशी, मांजराशी, भांड्यांशी बोलते. मला लग्न झाल्यावर पहिल्यांदा वाटलं, हे घर बरं आहे, इथे सगळं तोंडावर असतं.

काल त्या गप्प. राग नाही, काही नाही, नुसत्या गप्प. वरीच्या तांदळाची परात घेऊन बसल्या आणि त्यांनी हातातल्या बांगड्या मागे सारल्या. दादा, मला सगळं माहीत होतं. श्रावण माहीत होता, व्रत माहीत होतं. आणि तरी मी भानावर आले तेव्हा मोरीत होते, पाण्याच्या पिंपामागे, पोटावर दोन्ही हात धरून. सासूबाई दारात उभ्या. विचारू तर शकत नव्हत्या. बघत राहिल्या. त्या चेहऱ्यावर मला फक्त राग दिसला. अजूनही डोळे मिटले की तोच दिसतो.

मागच्या आठवड्यात तपासायला गेले होते तेव्हाही असंच. डॉक्टरीणबाईंनी डोळे बघायला हात पुढे केला आणि मी मान खाली घालून दोन्ही हात डोक्यावर धरले. त्यांनी दार लावून घेतलं आणि विचारलं. मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. त्या म्हणाल्या, घरातच मार बसत असेल आणि कधी बसेल ते कळत नसेल, तर पोराचा मेंदू सगळ्या चेहऱ्यांत एकच गोष्ट शोधायला शिकतो, राग. मोठेपणी समोरचा माणूस दमलेला असो, विचारात असो, त्याची दाढ दुखत असो, मेंदू सांगतो की राग आलाय. आपण विचार करायच्या आधीच अंग आकसून घेतं. म्हणाल्या, हा भित्रेपणा नाही. त्या घरात त्याने तुम्हाला सांभाळलं. या घरात त्याची गरज नाही, पण त्याला ते अजून कळलेलं नाही.

मग म्हणाल्या, काहींचं उलट होतं. मेंदू सगळंच बंद करून टाकतो. भीती नाही, दुःख नाही, मग आनंदही नाही. लोक त्यांना धीराचे म्हणतात.

दादा, मला तुझे तळहात दिसले. माझं काय व्हायचं ते होईल, पण तुला चटका कळला नाही याचीच मला जास्त भीती वाटतेय.

आणखी श्रावण उरलाय. मी काय करू?

शीला


डोंबिवली पूर्व
२४ ऑगस्ट

शिलू,

डॉक्टरांना आपल्या घरातलं सांगायची काय गरज होती? रक्त तपासायचं, गोळ्या घ्यायच्या आणि यायचं. माझं काही बंदबिंद झालेलं नाही. जेवतो, झोपतो, पाळीला वेळेवर जातो. तळहात बरे झाले.

मला वाटतं, तू त्या बाईच्या मौनाला घाबरतेस तर मग कल्याणला थोडी लवकरच जा. तिथे कुणी मौन पाळत नाही. आत्या दिवसभर टीव्ही लावून बसते. रीतही राहील आणि तुझी सुटका होईल.

राखी पोस्टाने पाठव. बुधवारी मला दुसरी पाळी आहे.

उत्तम


कल्याण
२८ ऑगस्ट

दादा,

मी सोमवारी दुपारीच इथे आले. परत तोच मुका दिवस होता. सासूबाईंनी माझ्यावर हात उगारला. हातात उलथनं होतं. लागलं नाही, मी त्याआधीच निघाले. विश्राम काल आला होता. त्याला म्हटलं, आत्याची आठवण येत होती म्हणून लवकर आले. त्याला ते खरं वाटलं.

तू म्हणालास ते बरोबर होतं. इथे निदान मला सगळं माहीत आहे. कुठली फळी, कुठली पायरी, दाराचा कुठला आवाज. तिथे काहीच कळायचं नाही. आत्या खायला घालते. बाबा खुर्चीत बसलेले असतात. मी ठीक आहे. येऊ नकोस.

राखी सोबत आहे.

शीला


डोंबिवली पूर्व
१ सप्टेंबर

शिलू, राखी मिळाली. शेजारच्या वहिनींकडून बांधून घेतली. तू ठीक आहेस हे वाचून बरं वाटलं. म्हणालीस तसं येत नाही. तब्येतीला जप. उत्तम


माजिवडा
३ सप्टेंबर

उत्तमराव यांना भागीरथीचा अनेक आशीर्वाद. मी सांगतेय आणि विश्राम लिहितोय, त्यामुळे अक्षर बरं आहे आणि बोलणं माझं आहे.

मला आडपडद्याने बोलता येत नाही. आमच्या हातून काय चुकलं ते सांगा. तुमची बहीण मागच्या सोमवारी कपड्यांची पिशवी घेऊन निघाली. ओटी भरलेली नाही, मुहूर्त नाही, बरोबर कुणी नाही. मी स्वयंपाकघरात. माझं मौन. तोंडाने बोलायची सोय नाही म्हणून मी तशीच धावत दारात आले आणि हात वर करून खुणा केल्या, अगं थांब, कुठे चाललीस या उन्हाची! माझ्या हातात उलथनं होतं ते माझ्या ध्यानातच नाही. तिने माझ्याकडे बघितलं आणि अशी पळाली की काय सांगू. पोटुशी बाई, जिना, मी वरून बघतेय आणि माझा जीव वरखाली होतोय. तरी तोंड उघडलं नाही. हे व्रत मी या लिहिणाऱ्याच्या जिवासाठी धरलंय, ते मोडायची माझी छाती होईना.

आधीच्या सोमवारीही ती मोरीत जाऊन बसली होती. दुसऱ्या दिवशी मी विचारलं तर म्हणाली, चक्कर आली. मी म्हटलं, असेल. पण चक्कर आलेलं माणूस डोक्यावर हात धरून बसत नाही. मी काय लहान आहे? मला वाटलं, हिला मी आवडत नाही, माझी बडबड आवडत नाही. तसं असेल तर तसं सांगा. मी बडबड कमी करीन. विश्राम जाऊन आला, ती म्हणते मजेत आहे. मजेत असलेलं माणूस बोलताना दाराकडे बघत नाही, असं हा म्हणतो.

तुम्ही भाऊ आहात, तुम्हाला ठाऊक असेल. लवकर कळवा. मला घास जात नाही.

भागीरथी


डोंबिवली पूर्व
७ सप्टेंबर

आई,

साष्टांग नमस्कार. हे पत्र तुमच्यासमोर विश्राम वाचणार आहे हे मला माहीत आहे. वाचू द्या. त्यालाही कळायला हवं.

तुमचं पत्र आलं तेव्हा माझ्याकडे शीलाचं पत्रही होतं. त्यात तिने लिहिलं होतं की तुम्ही हात उगारलात. मी ते वाचलं आणि घडी करून ठेवलं. माझ्या बहिणीवर कुणी हात उगारला आणि मला काही वाटलं नाही. तिने लिहिलं 'मी ठीक आहे', मी ते खरं मानलं. मग तुमचं पत्र वाचलं. तुम्ही चार ओळींत तिचा जेवढा चेहरा ओळखलात तेवढा मला इतक्या वर्षांत ओळखता आलेला नाही. काल शुक्रवार, कंपनीला सुट्टी. मी कल्याणला गेलो.

जेवायला बसलो होतो. आत्या वाढत होती, मी आणि शीला पाटावर, बाबा पलीकडे खुर्चीत. घरात काहीही वाईट चाललेलं नव्हतं. टीव्हीवर बातम्या होत्या. बाबांनी पेपर वाचून संपवला, त्याची घडी केली आणि गप्प बसले. घड्याळ तर आता ते बांधतही नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, 'पाणी.'

एवढंच म्हणाले. मी बघतो तर शीला उठून भिंतीला पाठ लावून उभी. माझ्या मनात आलं, काय ही घाबरट. आणि मग आत्या माझ्याकडे बघून म्हणाली, 'अरे उत्तम, तुला काय झालं?' आई, मीसुद्धा उभा होतो. भिंतीला पाठ लावून, शीलाच्या शेजारी, ताट हातात धरून. आमटी माझ्या पायावर सांडली होती. मी कधी उठलो ते मला माहीत नाही. म्हाताऱ्याने फक्त पाणी मागितलं होतं.

आम्ही लहान असताना बाबा आम्हाला मारायचे. शिस्तीसाठी मारतात तसं नाही. पट्ट्याने, गप्प राहून, कारण न सांगता. आधी ते असेच शांत व्हायचे. म्हणून शीलाला तुमची बडबड आवडते. ती तुमच्या गप्प बसण्याला घाबरते. तिला तुमचं व्रत माहीत होतं, तुमचा स्वभाव माहीत होता. पण तिच्या आत कुणीतरी आहे, त्याला श्रावण कळत नाही. ती तुमच्यापासून पळून त्याच घरात गेली, कारण तिथली भीती तरी ओळखीची. आणि मीच तिला तिकडे पाठवलं.

मी बाबांना पाणी दिलं. शीलाची पिशवी उचलली आणि म्हटलं, चल. आत्या रडली, म्हणाली पहिलं बाळंतपण माहेरचंच, लोक काय म्हणतील. बाबा म्हणाले, 'मी काय केलं?' मी शीलाला पुढे करून बाहेर पडलो आणि रिक्षा केली. 

ती आता माझ्या खोलीत आहे. मी शेजाऱ्यांकडे झोपायला जातो. शेजारच्या वहिनी बघतायत तिच्याकडे. तिने तुम्हाला हे सांगू नकोस म्हणून शपथ घातली होती. तिला वाटतं, हे कळलं की तुम्ही म्हणाल, वेड्याच्या घरची सून आणली, आता बाळही तसंच निघेल. तसं तुमच्या मनात आलं तर मला लिहा, तिला नको. बाळंतपण मी इथे करीन. कसं करीन ते मला माहीत नाही. पण कल्याणला ते होणार नाही.

उत्तम


माजिवडा
९ सप्टेंबर, सोमवार

उत्तमराव,

आज श्रावणातला शेवटचा सोमवार आहे आणि मी बोलतेय. विश्रामने लेखणी खाली ठेवली होती. आई, मोडू नकोस, उद्या लिहू, म्हणाला. मी म्हटलं, तू घे लिहायला.

तुमचं पत्र दुपारी आलं. याने वाचून दाखवलं. वाचता वाचता मध्येच थांबला, उठून पाणी प्यायला, मग पुन्हा वाचलं. मी ऐकत होते आणि माझ्या तोंडात शब्द मावेनात. ज्या घरात पोर माझ्या गप्प बसण्याने मोरीत जाऊन लपते, तिथे मी कसलं मौन पाळू? ज्या लेकरासाठी व्रत धरलं तो घोड्यासारखा माझ्यासमोर बसलाय. देवाला काय सांगायचं ते मी बघून घेईन. त्यालाही लेकरं आहेत.

वेडं कोण म्हणतंय? मला सांगा, मी त्याच्या घरी जाऊन येते. बाळंतपण इथेच होणार, माझ्या हाताने. रीत म्हणून विचारायला येतील त्यांना मी काय बोलायचं ते बोलीन, बोलण्याची मला कमी नाही. विश्राम हे पत्र घेऊन स्वतः येतोय, उद्या सकाळीच. त्याच्याबरोबर शीलाला पाठवा. मी आले असते, पण मला बघून ती दचकेल, आणि ते मला सोसणार नाही.

तिला एवढं सांगा. या घरात यापुढे कुणी तोंड पाडून बसलं तर कशासाठी ते मोठ्याने सांगायचं. गुडघा दुखतो तर गुडघा, डाळ संपली तर डाळ. मी सुरुवात केलीच आहे. विश्राम म्हणतो, आई, आधीच तू कमी बोलत होतीस का?

आणि तुम्ही. पायावर आमटी सांडली ती गरम होती का? भाजलंय का बघा. मला खरं कळवा.

भागीरथी


माजिवडा
१६ फेब्रुवारी १९९७

दादा,

पाय बघितलास का, म्हणून सासूबाई अजून विचारतात. फोडाचा डाग राहिलाय हे मी त्यांना सांगितलेलं नाही. डॉक्टरीणबाईंनी तुला ठाण्यातल्या ज्या मनाच्या डॉक्टरांचा पत्ता दिला तो तुझ्या पाकिटात पडून आहे, हेही मला माहीत आहे. बारशाला तुझ्या हातात बाळ दिलं तेव्हा तू सगळ्यांकडे बघून हसलास. नंतर जिन्यात मला म्हणालास, 'शिलू, मला काहीच झालं नाही. व्हायला हवं होतं ना?' ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. जा त्या डॉक्टरांकडे. माझ्यासाठी नको, तुझ्यासाठी जा.

मी बरी आहे, पण 'ठीक' हा शब्द आता तुला लिहिणार नाही. अजून दचकते. कुकरची शिट्टी झाली, कुणी मागून आलं की हात डोक्याकडे जातात. विश्राम खोलीत यायच्या आधी दारातून आवाज देतो. सासूबाईंचं तर विचारूच नकोस. 'मी रागावले नाही गं, माझी दाढ ठणकतेय', 'हे तोंड तुझ्यासाठी नाही, पाणी गेलंय त्यासाठी आहे.' दिवसभर असंच. डॉक्टरीणबाई म्हणतात, मेंदू नवं शिकतो, पण जुनं शिकायला जितकी वर्षं लागली त्याचा हिशेब धरून धीर ठेवा.

एक भीती मात्र मी कुणाला सांगितली नाही. ती तुला सांगते.

काल दुपारी पोरीला मांडीवर घेऊन बसले होते. स्वयंपाकघरात दूध उतू गेल्याचा वास आला. मी कपाळाला आठी घातली असणार. ती माझ्याकडे बघत होती, टक लावून, माझ्या तोंडावरून नजर न हलवता. आणि तिचा खालचा ओठ थरथरला.

दादा, जन्मभर मी दुसऱ्यांचे चेहरे वाचत आले. मला कधी सुचलंच नाही की या घरात आता जो चेहरा वाचला जाणार आहे तो माझा आहे.

दूध जळत होतं. मी उठले नाही. मी तिला म्हटलं, 'तुझ्यावर नाही गं राजा, दुधावर.' ती बघतच राहिली. तिला काय कळणार? मी परत सांगितलं. तुझ्यावर नाही, तुझ्यावर नाही. सासूबाई धावत आल्या, गॅस बंद केला, मला काहीतरी विचारत होत्या. मी सांगतच होते.

शीला